युद्धपटांतली जुनी विमानं: मिळवतात कुठून, उडवतात कशी, आणि गडबड कुठे होते?

थ्रॉटलमागे

युद्धपटांच्या धाग्यावर विमानांच्या चर्चेने बाकी सगळ्यांना बाहेर ढकललं, म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त विमानं, ती उडवणारे आणि ती टिपणारे कॅमेरे. कथा, नट, इतिहासाची मोडतोड यासाठी तो धागा आहेच.

सुरुवात 'बॅटल ऑफ ब्रिटन'पासून करतो. चित्रण १९६८ चं, प्रदर्शन १९६९ चं. ब्रिटिश बाजूची स्पिटफायर आणि हरिकेन जमवण्याचं काम निवृत्त ग्रुप कॅप्टन हॅमिश मॅहॅडी यांच्याकडे होतं. डझनभर स्पिटफायर उडण्याजोगी झाली, हरिकेन मात्र तीनच. जर्मन विमानं सापडली स्पेनमध्ये. स्पेनने मेसरश्मिट १०९ आणि हाइन्केल १११ परवान्यावर बांधली होती, पण जर्मन इंजिनांचा पुरवठा आटला आणि शेवटी दोन्हींत रोल्स-रॉइस मर्लिन बसवलं गेलं. लढाऊ विमान हिस्पानो बुचोन, बाँबफेकं कासा २.१११. म्हणजे पडद्यावर पळणाऱ्या स्पिटफायरमध्ये मर्लिन, पाठलाग करणाऱ्या 'मेसरश्मिट'मध्येही मर्लिन, आणि दोघं ज्याच्याभोवती भांडतात त्या 'हाइन्केल'मध्ये दोन मर्लिन!

बुचोन ओळखायची खूण नाकावर आहे. मूळ १०९ चं डेमलर-बेंझ इंजिन उलटं बसवलेलं, सिलिंडर खाली, त्यामुळे एक्झॉस्टची रांग नाकाच्या खालच्या अंगाला. बुचोनचं मर्लिन सरळ, म्हणून रांग वर, आणि खाली हवा घेणारी मोठी फुगीर हनुवटी. कितीही पिवळा रंग फासला तरी ती लपत नाही. तरीही पडद्यावरच्या १०९ साठी आजही पहिली मागणी बुचोनलाच असते, कारण खऱ्या डेमलर-बेंझवर उडणारी १०९ फार थोडी आहेत आणि ती कोणी चित्रीकरणात झिजवत नाही.

तिसरीघिरटी

आणि जपानी झीरो? 'टोरा! टोरा! टोरा!'मध्ये आकाश भरून दिसतात. तेवढी खरी शिल्लक असणं शक्यच नाही.

रेडियल९

त्यात एकही खरं नाही. ती सगळी अमेरिकन प्रशिक्षण विमानं वेषांतर करून आहेत.

झीरो म्हणजे टेक्सन, तिचाच कॅनडात बांधलेला अवतार हार्वर्ड मार्क ४. निवड आंधळी नव्हती. टेक्सनला झीरोसारखंच पुढे रेडियल (सिलिंडर वर्तुळात मांडलेलं) इंजिन आहे, पंख खाली आहेत, आणि मुख्य म्हणजे चाकं आत, मधल्या बाजूला मिटतात, झीरोसारखीच. टेक-ऑफच्या दृश्यात हेच सगळ्यात आधी डोळ्यात भरतं. मग पंखांची टोकं गोल केली, कॅनोपी (पायलटवरचं काचेचं झाकण), इंजिनावरचं काउलिंग आणि शेपूट बदललं.

'केट' टॉर्पेडो विमानासाठी टेक्सनचा पुढचा भाग आणि बीटी-१३ या दुसऱ्या प्रशिक्षण विमानाची शेपूट जोडून धड लांबवलं. 'व्हॅल' डाइव्ह बाँबर पूर्ण बीटी-१३ वर बेतलं. ४५० अश्वशक्तीचं आर-९८५ काढून ६०० अश्वशक्तीचं आर-१३४० बसवलं, कारण व्हॅलची न मिटणारी चाकं, त्यांवरची आवरणं आणि डाइव्ह ब्रेक यांचा हवेचा रोध मूळ इंजिनाला झेपला नसता.

असं वेषांतर करताना तीन गोष्टी हमखास अडवतात.

एक, गुरुत्वमध्य. पुढे जड इंजिन घातलं की नाक जड होतं, शेपूट लांबवली की उलटं. शिशाचं वजन घालून तो मूळ मर्यादेत आणायचा. तो मागे राहिला तर विमान स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) गेल्यावर बाहेर येईल याची खात्री देता येत नाही.

दोन, स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल संपणं. पंखांची टोकं बदलली की जुन्या मॅन्युअलमधले स्टॉलचे आकडे बाद. पुरेशा उंचीवर जाऊन सरळ, वळणात, चाकं वर, चाकं खाली असे सगळे स्टॉल नव्याने करून पाहायचे आणि नवा तक्ता कॉकपिटमध्ये चिकटवायचा. टेक्सन मुळातच स्टॉलला एक पंख टाकते, तिच्याशी गंमत नको.

तीन, वेग. खरं झीरो ताशी ५३० किलोमीटरच्या घरात जाई. टेक्सन पूर्ण जोर लावून ३३० ला दमते. मग तिच्या मागे लागलेलं खरं पी-४० लढाऊ विमान चार सेकंदांत तिला ओलांडून पुढे निघून जाईल. त्यामुळे पाठलागाच्या शॉटमध्ये नेहमी वेगवान विमानाने थ्रॉटल मागे ओढायचा आणि बाहेरच्या बाजूने लांबचं वळण घ्यायचं. संथ विमान फ्रेम ठरवतं, वेगवान विमान जुळवून घेतं.

निळाफिल्टर

कॅमेऱ्याच्या बाजूने एक भर. पडद्यावर पंखा (प्रोपेलर) विचित्र दिसण्याचा प्रश्न प्रत्येक चित्रीकरणात येतो आणि प्रत्येक वेळी पायलटवर ढकलला जातो. तो अर्धा कॅमेऱ्याचा आहे.

फिल्म सेकंदाला २४ चौकटी चालते. फिरत्या शटरची फट १८० अंशांची असेल तर प्रत्येक चौकट १/४८ सेकंद उघडी राहते. आता स्पिटफायर मार्क १ किंवा ५ घ्या. मर्लिनचं रिडक्शन (इंजिन आणि पंखा यांमधल्या गिअरचं प्रमाण) ०.४७७, म्हणजे इंजिन साधारण २,०१० आरपीएमवर असताना पंखा ९६० वर, सेकंदाला १६ फेरे. एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत पंखा २४० अंश फिरतो. पाती तीन, १२० अंशांच्या अंतरावर. त्यामुळे प्रत्येक चौकटीत पाती त्याच जागी येतात आणि पंखा थांबलेला दिसायला हवा.

पण १/४८ सेकंदात प्रत्येक पातं बरोबर १२० अंश सरकतं. तीन पात्यांची पुसट छाया मिळून पूर्ण चकती भरते, आणि थांबलेपणा दिसतच नाही. भरदुपारी उजेड जास्त झाला म्हणून कोणी शटर ९० किंवा ४५ अंशांवर आणलं की मात्र तीन पाती स्वच्छ उमटतात आणि उडतं विमान बंद पडल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे: शटरला हात लावायचा नाही, उजेड एनडी फिल्टरने (लेन्सवरच्या करड्या काचेने) कमी करायचा.

टेक्सनमध्ये गिअर नाही, इंजिन आणि पंखा एकाच गतीने फिरतात. मूळ दोन पात्यांचा पंखा असेल तर १,४४० आरपीएमला तो थांबलेला दिसेल, आणि १,८०० ला चौकटीगणिक ९० अंशांची उडी पडून चार पाती आहेत असं वाटेल. हेही अर्थात शटर अरुंद असेल तरच.

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा रोग वेगळा. त्यांचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे पाती केळ्यासारखी वाकडी दिसतात. त्यावर फिल्टरचा थोडाच उपयोग होतो. तो कॅमेरा पंख्याकडे वळवायचाच नाही.

पाऊणलूप

उत्तम माहिती. आता कॅमेरा विमान.

'बॅटल ऑफ ब्रिटन'साठी बी-२५ मिचेल वापरलं. नाकात, शेपटीत आणि बाजूंना कॅमेरे, आणि रंग इतका भडक की गर्दीत ते कुठे आहे हे प्रत्येक पायलटला लगेच कळावं. बाँबफेकं निवडण्याची कारणं साधी: आत माणसं आणि सामान मावतं, शेपटीतून मागे पाहता येतं, आणि लढाऊ विमानांना सोसेल अशा वेगाने तासन् तास उडता येतं. हेलिकॉप्टर इथे तोकडं पडतं. साधारण १२० नॉटवर (ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास) त्याचा दम संपतो आणि स्पिटफायरला त्याच्या शेजारी नाक वर धरून लोंबकळत उडावं लागतं. पडद्यावर ते आळशी दिसतं. जमिनीलगतच्या शॉटना हेलिकॉप्टर चालतं, हातघाईला नाही.

डॉगफाइटचं गणित असं. समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी २०० नॉटवर असतील तर मधलं अंतर सेकंदाला २०० मीटरहून जास्त वेगाने मिटतं. एक किलोमीटर म्हणजे पाच सेकंद. म्हणून आमनेसामनेचा शॉट कधीही एकाच रेषेत उडवत नाहीत. दोघांच्या रेषा बाजूला सरकवलेल्या असतात, दोघंही आपापल्या उजवीकडे राहतात, आणि लांब पल्ल्याची लेन्स मधलं अंतर खाऊन टाकते. प्रेक्षकाला वाटतं पंखाला पंख घासला.

बाँबर्सच्या ताफ्यावरचा हल्ला याहून फसवा. मागून ८० नॉट जास्त वेगाने येणारं लढाऊ विमान सेकंदाला ४१ मीटर जवळ येतं. १५० मीटरवर वळायचं ठरलं असेल तर हातात चार सेकंदसुद्धा नाहीत. जमिनीवरच्या ब्रीफिंगमध्ये हे सगळं पायी चालून दाखवतात: कोण कुठून येणार, कोणत्या बाजूला फुटणार (वळून बाजूला निघणार), फुटल्यावर कोणत्या उंचीवर थांबणार. समोरचा नजरेआड झाला की रेडिओवर लगेच सांगायचं आणि ठरलेल्या बाजूलाच निघायचं. 'थांबा' हा शब्द कोणीही उच्चारला तरी सगळे थांबतात, दिग्दर्शकाला विचारायचं नाही.

आणि ढग हवेत. निरभ्र आकाशात ३०० नॉटचं विमानसुद्धा टांगलेलं वाटतं. 'विंग्ज' (१९२७) करताना विल्यम वेलमन ढगांसाठी चित्रीकरण अडवून बसले होते ते यासाठीच.

थंडग्लायकॉल

पाऊणलूप, फुटण्याबद्दल एक जोड. सुरुवातीच्या मर्लिनच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, आहे. नाक झटक्यात खाली ढकललं की पेट्रोल वर उसळतं आणि इंजिन खोकतं. म्हणून अर्धा रोल करून मग ओढायचं. योगायोगाने कॅमेऱ्याला तेच जास्त आवडतं, पंखांचा पूर्ण आकार दिसतो.

पण चित्रीकरणात स्पिटफायर हवेपेक्षा जमिनीवर जास्त बिघडतं, आणि त्याला कारण दिग्दर्शक. मार्क १ ते ५ मध्ये ग्लायकॉलचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) रेडिएटर एकटा उजव्या पंखाखाली, डावीकडे फक्त तेलाचा कूलर. पंख्याचा वारा तिथपर्यंत नीट पोचत नाही. टेक-ऑफला ग्लायकॉल किमान ६० अंश हवं, आणि टॅक्सी करता करता पाहता पाहता काटा १०० च्या पुढे जातो. म्हणजे काम करायला मधली काही मिनिटं मिळतात. सहा विमानं सुरू करून 'जरा थांबा, ढग सरकू दे' म्हटलं की सहाच्या सहा बंद करावी लागतात, आणि तापलेलं मर्लिन लगेच पुन्हा सुरू व्हायला कुरकुरतं. फार वेळ मंद गतीवर ठेवलं तर पेट्रोलमधल्या शिशाने प्लग काळे होतात ते वेगळंच.

म्हणून क्रम उलटा ठेवावा: कॅमेरा तयार, धूर तयार, जमिनीवरचे लोक आपल्या जागी, धावपट्टी मोकळी, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. इंजिनं सुरू करतानाही शेवटी उडणारं विमान आधी सुरू करायचं नसतं. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

रेडियल९

रेडियलला हा ताप नाही, दुसरा आहे. तासाभराहून जास्त उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच स्टार्टर दाबला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो त्याच वेळी मोडेल असंही नाही, दहा तासांनी हवेत मोडेल. दोन शॉटमध्ये जेवणाची सुट्टी झाली की स्विच बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, म्हणजे दोन पात्यांच्या पंख्याची चार पाती मोजायची. मध्ये अडलं तर जोर लावायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढून तेल वाहू द्यायचं.

कप्पी

धूर आणि गोळीबारावर कोणी लिहिलं नाही, मी लिहिते.

पांढरा धूर म्हणजे गरम एक्झॉस्टमध्ये सोडलेलं पातळ खनिज तेल. टेक्सनमध्ये सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट एका नळीत येतो, तेलाला वाफ व्हायला वेळ मिळतो, धूर दाट येतो. स्पिटफायरचे एक्झॉस्ट वीतभर लांबीचे, तेलाची वाफ व्हायच्या आत ते बाहेर. तिथे धडाखाली विजेने पेटणाऱ्या धूरकांड्या लावतात. त्या एकदा पेटल्या की विझत नाहीत, म्हणून पोलादी पत्र्यावर, कापडी भागांपासून आणि टाकीच्या व्हेंटपासून लांब. पेटण्याचा स्विच झाकणाखाली, आणि त्याच्या वायरचं कनेक्शन टेक-ऑफच्या अगदी आधी जोडायचं.

मशिनगनच्या ज्वाळेसाठी नळीत प्रोपेन आणि ऑक्सिजन सोडून स्पार्क प्लगने पेटवतात. गोळी नाही, टरफलं नाहीत, खालच्या गावात काही पडत नाही.

रंगाबद्दलही एक. चित्रपटासाठी विमान मळकं दाखवायचं म्हणून कलाविभाग धुता येणारा रंग, काजळी, तेलाचे ओघळ फासतो. वेग आणि उंची मोजायला हवा घेणारी पिटो नळी आणि स्टॅटिक छिद्रं, आणि पंखाखालची पाणी निथळायची छिद्रं आधी झाकायची आणि रंग झाल्यावर झाकण काढलं का हे रंगवणाऱ्याने नाही, मेकॅनिकने पाहायचं. एलेरॉन, रडर, एलिव्हेटर या विमान वळवणाऱ्या हलत्या फळ्यांवर जाड रंग तर अजिबात नको. हिंजच्या मागे काही ग्रॅम वाढले तरी समतोल ढळतो आणि वेगात फ्लटर (जोराची थरथर) सुरू होतं.

तिसरीघिरटी

पुलाखालून विमान नेतात ते तरी खरं असतं का? की मॉडेल?

पाऊणलूप

'द ब्लू मॅक्स'मधलं (१९६६) खरं आहे. आयर्लंडमध्ये फरमॉयजवळचा रेल्वेचा पूल. डेरेक पिगट यांनी फॉकर ट्रायप्लेनच्या प्रतिकृती त्याखालून नेल्या, रुंद कमानीतून १५ वेळा आणि अरुंद कमानीतून १७ वेळा. अरुंद कमानीत दोन्ही बाजूंना मोकळी जागा फक्त सव्वा मीटरच्या आसपास. त्यांची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी: खुणेचा एक खांब नदीत रोवलेला, दुसरा पलीकडच्या काठावर. दोन्ही एका रेषेत दिसले की विमान कमानीच्या मध्यावर. भिंतीकडे पाहायचंच नाही, कारण माणूस जिकडे पाहतो तिकडे विमान जातं.

शॉट खरा वाटावा म्हणून पुलाजवळ मेंढ्या सोडल्या होत्या, विमान आलं की पांगतील म्हणून. नंतरच्या टेकपर्यंत त्या इतक्या सरावल्या की त्यांना मेंढपाळाने हुसकावं लागलं.

त्या ट्रायप्लेनमध्ये मूळचं रोटरी इंजिन नव्हतं, स्थिर रेडियल होतं. फरक मोठा आहे. रोटरीत अख्खं इंजिन पंख्याबरोबर फिरतं, त्यामुळे एका वळणात नाक वर आणि दुसऱ्या वळणात खाली ओढलं जातं. रेडियलची प्रतिकृती दोन्हीकडे सारखी वळते. पायलटला सोपं, पण ज्यांनी रोटरी उडताना पाहिलं आहे त्यांना पडद्यावर लगेच कळतं. न्यूझीलंडमधल्या 'द व्हिंटेज एव्हिएटर'ने ओबरउर्सेल रोटरीच नव्याने बांधलं, ती वेगळीच जात.

गगनभरारी२

एवढा जीव धोक्यात घालायची गरज काय? आता सगळं संगणकावर होतं.

कप्पी

बरंच होतं, आणि अपघाती शॉट तिथेच व्हावेत. जुन्या काळी स्टंट पायलट डिक ग्रेस विमान खरंच आपटायचे. कॉकपिटभोवती पोलादी नळ्या, गाद्या, आणि जे तुटायला हवं ते आधीच अर्धं कापून ठेवलेलं. 'विंग्ज'च्या वेळी फॉकरचं चाकांचं आधारखोड ठरल्याप्रमाणे मोडलं नाही आणि त्यांची मान मोडली. १९४९ मध्ये पॉल मँट्झ यांनी एकट्याने बी-१७ पोटावर उतरवलं आणि तंबूंमधून घसरत नेलं, मोबदला ४,५०० डॉलर. पोटावर उतरवताना पेट्रोल जेमतेम ठेवतात, स्पर्शाच्या क्षणी मिक्श्चर (इंधनाचा पुरवठा) आणि इग्निशन बंद. खालचा बॉल टरेट (मशिनगनचा गोल बुरूज) आधीच काढतात, नाहीतर तो धडात घुसून पाठीचा कणाच मोडतो.

थंडग्लायकॉल

पण अपघातांची यादी पाहिली तर बहुतेक स्टंटमध्ये झालेले नाहीत. 'हेल्स एंजल्स'च्या वेळी पडणाऱ्या सिकोर्स्की विमानातून पायलटने उडी मारली, धूर सोडणारा मेकॅनिक फिल जोन्स आतच राहिला. १९६९ मध्ये 'कॅच-२२'साठी उडण्याजोगी १७ बी-२५ जमवली होती. त्यात सेकंड युनिटचे दिग्दर्शक जॉन जॉर्डन पट्टा न बांधता कॅमेरा चालवताना विमानातून खाली पडले. २५ जुलै १९८९ ला बिनब्रुक इथे 'मेम्फिस बेल'चं एक बी-१७ टेक-ऑफलाच भरकटून झाडावर गेलं आणि जळालं. दहाच्या दहा जण वाचले. पट्टा, आत किती माणसं, वाऱ्याची दिशा. लूप आणि पूल बिचारे बदनाम.

त्यातून आलेला नियम सोपा आहे: ज्याचं काम नाही तो विमानात नाही, आणि उघड्या दाराशी असलेल्या माणसाला दोन पट्टे, दोन वेगळ्या जागी अडकवलेले.

थ्रॉटलमागे

अवांतर, पण भारताचा दुवा आहे म्हणून. अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनकडे जे बी-२४ लिबरेटर आहे ते युद्धानंतर ब्रिटिशांनी भारतात टाकून दिलेल्यांपैकी. भारतीय हवाई दलाने त्यांची डागडुजी करून १९६८ पर्यंत वापरली. भंगार न करता ठेवल्यामुळेच आज काही लिबरेटर शिल्लक आहेत.

निळाफिल्टर

गगनभरारी२, संगणकाचा मुद्दा 'डंकर्क'ने (२०१७) बऱ्यापैकी निकालात काढला. तीन खरी स्पिटफायर, एक बुचोन, आणि नटांसाठी दोन आसनी याक-५२ ला स्पिटफायरचा वेष. खरा पायलट विमान उडवतो, नट चेहरा देतो, आयमॅक्स कॅमेरा बाहेर लावलेला. नाक दाखवायचं नाही हे पथ्य, कारण याकचं इंजिन रेडियल आणि पंखा मर्लिनच्या उलट दिशेला फिरतो.

पंखावर कॅमेरा लावला की त्या बाजूला रोध वाढतो आणि तोच पंख आधी स्टॉल होतो. म्हणून पहिल्यांदा वेगात टॅक्सी, मग सरळ उड्डाण, मग उंचीवर स्टॉल, आणि हे सगळं झाल्यावर वळणं. माउंटच्या बोल्टना सुरक्षा तार, आणि कॅमेऱ्याला वेगळी पोलादी दोरी. माउंट तुटला तरी कॅमेरा शेपटीवर जाता कामा नये.

समुद्रात उतरणारं स्पिटफायर मात्र न उडणारी प्रतिकृती. ती ठरल्यापेक्षा लवकर बुडाली आणि आतला आयमॅक्स पाण्याखाली गेला. फिल्म वाचली ती जुन्या पद्धतीने: मॅगझिन काढल्यापासून ती वाळू द्यायची नाही. ओली ठेवूनच लॉस एंजेलिसच्या लॅबला पाठवली, ओलीच धुतली, आणि तो शॉट चित्रपटात आहे. अर्धवट वाळली असती तर मिठाचे डाग बसून इमल्शन चिकटलं असतं. पाण्यावर काम असेल तर फिल्म बुडवून ठेवता येईल असा झाकणाचा डबा बोटीवर आधीपासून ठेवा.